नोकरी सांभाळून गुंड्याभाऊ

२०२५ सालच्या गणपतीतली गोष्ट. चतुर्थी २७ ऑगस्टला झाली आणि दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. ऋषीची भाजी म्हणजे काय उरक असतो, ते तुम्हाला सांगायला नको. अळू सोला, माठ निवडा, सुरण चिरा, कणसांचे तुकडे करा, आणि एवढं करून घरातली मुलं म्हणणार, "आज नुसती हीच भाजी?" दुपारी मागचं आवरून मी जरा टेकले होते, तोच आमच्या वरच्या मजल्यावरची वाटी घेऊन खाली आली. भाजीची देवाणघेवाण हा आमचा दर वर्षीचा रिवाज. तिचं नाव छापायचं नाही असं तिनं मला बजावलंय, म्हणून मी तिला नुसतं 'वरची' म्हणते. नाहीतरी आम्ही विश्रांतवाडीच्या सोसायटीतल्या बायका एकमेकींना वरची, खालची आणि समोरची अशाच ओळखतो!

टीव्ही चालू होता. बातमी लागली, ज्येष्ठ अभिनेते बाळ कर्वे यांचं निधन. तीनच दिवसांपूर्वी त्यांना ९५ वर्षं पूर्ण झाली होती.

"अगं बाई, गुंड्याभाऊ गेले!" माझ्या तोंडून निघून गेलं.

वरची काही बोलली नाही. टीव्हीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "काकू, आमच्या ह्यांना तसंच व्हायचंय." आणि तिचे डोळे भरून आले. गुंड्याभाऊंसाठी नव्हे, हे माझ्या लगेच ध्यानात आलं.

झालं होतं ते असं. तिचे यजमान दिघीच्या बाजूला एका सरकारी कार्यालयात आहेत. वय ५२. नोकरी २८ वर्षांची. माणूस सरळ, निर्व्यसनी. कॉलेजात असताना एकांकिका केलेल्या, गणेशोत्सवात सोसायटीचं नाटक बसवायचे तेच. चारेक वर्षांपूर्वी कुणा ओळखीच्यामुळे एका मालिकेत तलाठ्याचं काम मिळालं. एका दिवसाचं. मग कुठे वकील, कुठे मुलीचा मामा, कुठे नुसताच पंगतीतला पाहुणा. रजा टाकायची, मुंबई गाठायची, दोन वाक्यं बोलायची आणि परत यायचं. आणि आता त्यांनी स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज लिहून कपाटात ठेवला होता. गणपती झाले की द्यायचा. मुलगी इंजिनियरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, मुलगा दहावीत, फ्लॅटचे हप्ते अजून सहा वर्षं बाकी!

मी काय केलं असेल? तुम्ही केलं असतं तेच. ताडकन म्हणाले, "अजिबात अर्ज देऊ देऊ नकोस. पन्नाशीत कसले डोहाळे हे!"

ती वाटी घेऊन वर गेली, आणि मला मात्र त्या रात्री झोप लागेना. कारण ज्यांच्या बातमीनं मला एवढं वाईट वाटलं होतं, ते गुंड्याभाऊ तरी घराघरांत पोचले ते कोणत्या वयात? हिशेब करून पाहिला आणि मलाच ओशाळल्यासारखं झालं.

तुमच्यापैकी ज्या पन्नाशी-साठीच्या आहेत, त्यांना ते दिवस आठवत असतील. मुंबईला दूरदर्शन आलं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. सिंहगडावरच्या मनोऱ्यामुळे मुंबईचे कार्यक्रम आपल्या पुण्यातही दिसायला लागले. टीव्ही वाड्यात एखाद्याच घरी. संध्याकाळी त्या घरची जोत्यावरची चपलांची रांग पाहिली, की आज काय लागणार आहे ते कळायचं. आम्ही मुलं पुढे सतरंजीवर, बायका दाराशी, पुरुषमंडळी उभी. चित्र काळंपांढरं, मधूनच पाऊस पडल्यासारखं. आणि त्या चित्रात सत्तरच्या दशकाच्या शेवटी 'चिमणराव' आला.

चिं. वि. जोशी यांची पुस्तकं आधी घरोघर वाचलेली होतीच. ते स्वतः बडोद्याला पाली भाषेचे प्राध्यापक. एवढा विद्वान माणूस, आणि लिहिलं काय, तर मध्यमवर्गी घरातल्या फजित्या! घाबरट, सालस चिमणराव आणि त्याचा आडदांड, तोंडाचा फटकळ पण मनाचा मोकळा भाऊ गुंड्याभाऊ. विजया जोगळेकर-धुमाळे यांनी ही जोडी दूरदर्शनवर आणली. चिमणराव झाले दिलीप प्रभावळकर आणि गुंड्याभाऊ झाले बाळ कर्वे. पुढे हीच जोडी चित्रपटातही दिसली.

आता वयं बघा. प्रभावळकरांचा जन्म १९४४ सालचा, म्हणजे तेव्हा ते तिशीत. आणि बाळ कर्व्यांचा जन्म २५ ऑगस्ट १९३०चा. म्हणजे गुंड्याभाऊ म्हणून महाराष्ट्र त्यांना ओळखायला लागला, तेव्हा ते पन्नाशीला टेकले होते! वरचीच्या यजमानांच्या आगेमागेच की. पन्नाशीत कसले डोहाळे, असं त्यांना कुणी म्हणालं असतं, तर आपल्याला गुंड्याभाऊ मिळालाच नसता.

पण गोष्टीचा दुसरा अर्धा भाग तितकाच महत्त्वाचा, आणि तो लोक विसरतात. बाळ कर्वे नुसते नट नव्हते. ते शिकलेले इंजिनियर होते, आणि मुंबई महानगरपालिकेत त्यांनी थोडीथोडकी नव्हे, ३२ वर्षं नोकरी केली. दिवसा पालिकेचं काम, संध्याकाळी तालीम, सुट्टीच्या दिवशी प्रयोग. पार्ल्याला राहत, तर तिथे मुलांच्या नाटकांसाठी सुमंत वरणगावकरांच्या बरोबरीनं 'किलबिल बालरंगमंच' चालवला. मुलांना नाटक शिकवण्यात ना पैसा, ना पेपरात फोटो. हौस ज्याची खरी, तोच असल्या कामात पडतो.

त्यांनी केलेल्या कामांची यादी पाहिली, तर त्यात नायक कुठे नाही. 'रथचक्र', 'तांदूळ निवडता निवडता', 'मनोमनी', 'कुसुम मनोहर लेले' अशी नाटकं. 'जैत रे जैत'सारखा चित्रपट. दूरदर्शनवर 'स्वामी' मालिका लागायची, त्यात रवींद्र मंकणी माधवराव आणि मृणाल देव रमाबाई, हे सगळ्यांच्या लक्षात आहे. पण त्यातले गंगोबातात्या बाळ कर्वे होते, हे आठवायला जरा थांबावं लागतं. पुढे खासगी वाहिन्या आल्या, तर 'प्रपंच', 'वहिनीसाहेब', 'उंच माझा झोका' यांतून ते दिसत राहिले.

ह्यालाच चरित्र अभिनेता म्हणतात. म्हणजे काय, तर नायक-नायिकेचं लग्न ठरतं, मोडतं, पुन्हा जुळतं, आणि ह्या सगळ्या वेळात घरात जे काका, मामा, सासरे, दिवाणजी, हेडमास्तर वावरत असतात, ते. त्यांच्यावाचून गोष्ट खरी वाटत नाही, आणि ते आहेत हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. आमटीत आमसूल असतं तसं. घातलं तर कुणी बोलत नाही, विसरलं तर पहिल्या घासाला विचारतात. (आपल्या बायकांना हे काम काही नवीन नाही, हो ना?)

दुसऱ्या दिवशी मीच वर गेले. म्हटलं, काल बोलले ते मागे घेते. पण 'देऊ दे अर्ज' असंही म्हणत नाही. आपण जरा नीट विचार करू.

तिनं चहा टाकला आणि विचारलं, "पण काकू, सगळेच का नोकरी सांभाळून करतात? डॉक्टर लागूंनी तर सोडलीच होती ना डॉक्टरकी?"

प्रश्न बरोबर होता. डॉ. श्रीराम लागू हे कान-नाक-घशाचे डॉक्टर. आपल्या पुण्यातच त्यांची प्रॅक्टिस. १९६९ साली, बेचाळिशीच्या उंबरठ्यावर असताना, ती सोडून ते पूर्ण वेळ नट झाले, आणि लगेच १९७० मध्ये त्यांचा 'नटसम्राट' आला. केवढी उडी ही! ती उडी घेतली नसती, तर मराठी रंगभूमीचं किती नुकसान झालं असतं. हा एक मार्ग.

डॉ. मोहन आगाशे यांनी तिसराच मार्ग धरला. १९७२ पासून 'घाशीराम कोतवाल'मधले नाना फडणवीस म्हणून गाजले, सिनेमे केले, पण मानसोपचाराचं काम आणि शिकवणं सोडलं नाही. दोन्ही हात दोन्हीकडे.

म्हणजे वाटा तीन. उडी मारणाऱ्यांची, दोन्ही पेलणाऱ्यांची, आणि नोकरी इमानानं पुरी करून उरलेला सगळा वेळ कलेला देणाऱ्यांची. तिन्ही वाटांनी माणसं मोठी झाली. मग आपल्या घरच्या माणसानं कोणती धरावी? मी तिला म्हटलं, "डॉक्टरची पाटी उतरवली तरी डिग्री घरात असते. उद्या वाटलं तर पाटी पुन्हा लावता येते. सरकारी खुर्ची एकदा सोडली, की ती परत मिळत नाही. आणि दुसरं, डॉक्टर लागू नोकरी सोडताना एका दिवसाचे तलाठी नव्हते. त्यांच्या मागे नाटकातली कितीतरी वर्षं उभी होती."

पण मैत्रिणींनो, खोटं कशाला बोलू? बाळ कर्व्यांचा मार्ग आज जसाच्या तसा उचलता येत नाही, हेही मला दिसत होतं. त्यांच्या वेळी वाहिनी एकच, आणि मालिका आठवड्यातून एकदा. राहायला मुंबईत, नोकरी मुंबईत, तालीम मुंबईत. कचेरी सुटल्यावर माणूस तालमीला जाऊ शकत होता. १९९९ साली अल्फा मराठी सुरू झाली, तीच पुढची झी मराठी. मग एकामागून एक वाहिन्या आल्या आणि मालिका रोजच्या झाल्या. रोजची मालिका म्हणजे रोजचा स्वयंपाक. आज केलेलं उद्या पुरत नाही. बारा-बारा तास शूटिंग चालतं आणि बोलावणं येतं आदल्या रात्री. त्यात आपण पुण्याचे, तेही विश्रांतवाडीचे! डेक्कन क्वीन सकाळी सव्वासातला पुणे स्टेशनातून सुटते आणि साडेदहाच्या सुमारास मुंबईत पोचते. शूटिंग नऊचं असलं, तर तिचा काय उपयोग? म्हणजे आदल्या दिवशी जायचं, कुणाच्या तरी घरी पथारी टाकायची. नोकरी सांभाळून हे महिन्यातून दोनदा जमेल. रोज जमायचं नाही.

"म्हणजे ह्यांचं म्हणणं खरंच आहे तर," ती म्हणाली. "नोकरी सोडल्याशिवाय मोठं काम मिळायचं नाही."

"असेल. म्हणूनच हो-नाही म्हणण्याआधी वही काढ," मी म्हटलं.

आणि तिनं खरंच वही काढली. गौरी जेवल्या, विसर्जन झालं, आणि एका रविवारी दुपारी मुलं क्लासला गेल्यावर तिनं यजमानांच्या पुढ्यात वही ठेवली. त्यांना वाटलं, ही आता नाही म्हणणार. दोन दिवस घरात कुणी कुणाशी धड बोललं नाही. तिसऱ्या दिवशी रात्री जेवताना ते आपणहून म्हणाले, "अठ्ठावीस वर्षांत ऑफिसात मला कुणी नावानं हाक मारलेली नाही. फाईल कुठे आहे, एवढंच विचारतात. तिथे मेकअपचा मुलगा आरसा धरतो आणि म्हणतो, सर, जरा वर बघा. तुला नाही कळायचं ते."

ती मला हे सांगत होती तेव्हा मी गप्प झाले. आपण नवऱ्याच्या डब्याची काळजी करतो, रक्तदाबाच्या गोळीची करतो. त्यांना दिवसभरात कुणी 'सर, वर बघा' म्हणत नाही, ह्याची काळजी आपल्याला सुचत नाही. त्या माणसाला नाव नको होतं, पैसा नको होता. कुणीतरी आपल्याकडे बघावं, एवढंच हवं होतं. ह्याला डोहाळे म्हणणारी मी, मला माझीच लाज वाटली.

पण ती हुशार आहे बरं का. ती नुसती हळवी झाली नाही. तिनं त्यांना शांतपणे विचारलं, "आणि मला कोण म्हणतं हो, ताई, वर बघा?"

इथे मला तुम्हाला तिची गोष्ट सांगायला हवी. ही वरची गेली पंधरा वर्षं घरात शिलाई करते. ब्लाउज, परकर, फॉल-पिको. आजूबाजूच्या चार सोसायट्यांची गिऱ्हाइकं आहेत. मशीन आहे बाल्कनीत. पावसाळ्यात ओल येते, उन्हाळ्यात ऊन. तिनं पै पै साठवून दीड लाख रुपये बाजूला ठेवले होते, धानोरी रस्त्याला एक छोटा गाळा भाड्यानं घ्यायचा म्हणून. अनामत रक्कम आणि दोन मशीनं. तिला पाटी लावायची होती. नवरा नोकरी सोडणार, म्हणजे मुलीची पुढची फी आणि फ्लॅटचे हप्ते तिच्या ह्या दीड लाखातून जाणार, हे कुणी बोललं नव्हतं. पण तिनं ते मनात वाचलं होतं. तिचे डोळे भरून आले होते ते ह्यासाठी. एका घरात दोन स्वप्नं, आणि त्यांतलं एकच मोठ्यानं बोललेलं!

बाळ कर्व्यांच्या नाटकांमध्ये 'आई रिटायर होतेय' हेही एक नाव आहे. अशोक पाटोळ्यांचं नाटक, भक्ती बर्वे यांनी गाजवलेलं. घरातली आई एक दिवस जाहीर करते, की मी आता ह्या कामातून निवृत्त होणार. प्रेक्षागृहातल्या बायका ते नाटक बघून घरी येत आणि निमूट दुसऱ्या दिवशीची डाळ भिजत घालत. नवऱ्याच्या स्वेच्छानिवृत्तीला निदान अर्ज असतो, नियम असतात, तीन महिन्यांची नोटीस असते. आपल्या निवृत्तीचा अर्ज कुणाकडे द्यायचा, ते कुणी सांगितलेलंच नाही.

तर त्या रात्री त्या दोघांनी पहिल्यांदा दोन्ही स्वप्नं एका पानावर लिहिली. आकडे मांडले. पेन्शन म्हणजे पगार नव्हे, मूळ पगाराच्या निम्म्याच्या आसपास आणि त्यावर महागाई भत्ता. हातात एक रक्कम येईल खरी, पण तिच्यावर मुलीचं शिक्षण आणि हप्ते दोन्ही डोळा ठेवून आहेत. मालिकांचा हिशेब तर त्यांच्याच डायरीत होता. मागच्या वर्षभरात कामाचे दिवस अकरा. पैसे मिळाले, पण तीन तीन महिन्यांनी, कर कापून. त्यातून गाडीभाडं, जेवणखाण आणि दोन बिनपगारी रजा वजा केल्या, तर हातात उरलं ते सांगायला नको. ते स्वतःच वही मिटून म्हणाले, "आत्ता नाही."

"आत्ता नाही" म्हणजे "कधीच नाही" नव्हे, हे तिनं त्याच पानाखाली लिहून घेतलं. मुलगी नोकरीला लागेपर्यंत, म्हणजे अडीच-तीन वर्षं, नोकरी करायची. तोवर अर्जित रजेतले ठरावीक दिवस दर वर्षी शूटिंगसाठी राखून ठेवायचे, तेही कार्यालयाची रीतसर परवानगी घेऊन, चोरून नाही. शनिवार-रविवार पुण्यातल्याच नाटकाच्या ग्रुपबरोबर तालमीला जायचं. तीन वर्षांनी ते पंचावन्न वर्षांचे होतील. तेव्हा पुन्हा वही उघडायची. आणि दीड लाख? त्याला हात लावायचा नाही. तो गाळ्याचाच.

मला सगळ्यात आवडलं ते हे, की त्यांनी अर्ज फाडला नाही. कपाटातच ठेवलाय, साड्यांच्या खालच्या खणात. तिनंच ठेवायला सांगितला. माणसाचं स्वप्न फाडून टाकायला लावलं, की तो माणूस घरात राहतो, पण घरचा राहत नाही.

दिवाळीच्या पाडव्याला तिनं गाळ्याचं कुलूप उघडलं. पाटी यजमानांनी स्वतः रंगवली. आम्ही सगळ्या वरच्या-खालच्या-समोरच्या गेलो होतो. मी पहिलं गिऱ्हाईक म्हणून फॉल लावायला साडी दिली.

आणि डिसेंबरात एका मालिकेत त्यांचं काम लागलं. शाळेचे मुख्याध्यापक. रात्री साडेआठला आमची अर्धी इमारत त्यांच्या हॉलमध्ये, अगदी जुन्या वाड्यासारखी! मुलं पुढे खाली, बायका सोफ्यावर, पुरुष उभे. मुख्याध्यापक खुर्चीतून उठले, चष्मा काढला, तोंड उघडलं, आणि त्याच क्षणी लोहगावहून विमान आमच्या डोक्यावरून गेलं. आमच्या भागात राहणाऱ्यांना हे विमान माहीत आहे. खिडक्यांची तावदानं थरथरतात आणि पुढचं अर्धं मिनिट कुणाला काही ऐकू येत नाही. विमान गेलं तेव्हा मुख्याध्यापक खाली बसलेले होते!

हसून हसून आमची पुरेवाट. तेही हसले. मग मुलीनं मोबाईलवर तोच भाग पुन्हा लावला, आणि आम्ही सगळ्यांनी कान देऊन ते एक वाक्य ऐकलं. चांगलं म्हटलं होतं हो त्यांनी. घाई नाही, आव नाही. शाळेत असे एक तरी मुख्याध्यापक आपण पाहिलेले असतातच.

वरची माझ्या कानाशी म्हणाली, "काकू, ह्याचे पैसे मार्चमध्ये येतील." आणि आम्ही दोघी पुन्हा हसलो.

तुमच्या घरी कुणाला अशी ओढ असेल, नवऱ्याला, दिराला, मुलीला किंवा तुम्हाला स्वतःला, तर ह्या अनुभवातून चार गोष्टी लिहून ठेवा:

• काम देतो म्हणून कुणी पैसे मागितले, मग ते फोटोसाठी असोत, नावनोंदणीसाठी असोत की ओळखपत्रासाठी, तर तिथून उठून यावं. काम करणाऱ्याला पैसे मिळतात, त्यानं द्यायचे नसतात.

• कामाच्या प्रत्येक दिवसाची नोंद वहीत करावी. तारीख, ठिकाण, ठरलेला मोबदला, पैसे कधी येणार, बोलणं कुणाशी झालं. मोबदला दोन-तीन महिन्यांनी येतो असं धरूनच घरखर्च आखावा. कर कापला गेला असेल, तर त्याचा दाखला मागून घ्यावा.

• मालिकेतल्या कामाला शाश्वती नसते. आज घरातले लाडके मामा असतात, उद्या ते गावाला जातात आणि परवा भिंतीवरच्या फोटोला हार पडतो. म्हणून पुढच्या महिन्यांच्या कामाचे पैसे आजच्या हिशेबात धरू नयेत. नोकरी सोडायचीच असेल, तर निदान वर्षभराचा घरखर्च, हप्ते आणि फी वेगळी काढल्याशिवाय सोडू नये. पेन्शनचा आकडाही ऐकीव नको. कार्यालयातून लेखी घ्यावा.

• आणि सगळ्यात आधी, वहीच्या त्या पानावर दोन नावं लिहावीत. एकाच्या स्वप्नाचा हिशेब मांडताना दुसऱ्याची शिल्लक गृहीत धरली जात नाही ना, तेवढं पाहावं.

बाळ कर्व्यांनी इतकी कामं केली, पण लोक त्यांना शेवटपर्यंत गुंड्याभाऊच म्हणत राहिले. एक भूमिका माणसाला अशी चिकटते. आपल्याला तर कुणाची आई, कुणाची सून, कुणाची वहिनी अशी कितीतरी नावं चिकटलेली असतात. ती काही वाईट नाहीत. पण एखादी पाटी आपल्याही नावाची असावी, भले ती छोट्या गाळ्यावरची का असेना.

तुमच्या घरी असा प्रसंग आला असेल, तर जरूर लिहा. नाव छापणार नाही, शब्द देते. आता उठते. फॉल लावलेली साडी आणायला गाळ्यावर जायचंय, आणि उशीर झाला तर वरची रागावते. दुकानदारीण झालीय ना ती!